घरच्या घरी टनेलिंग मायक्रोस्कोप: आधी हादरे, मग अणू

या सूक्ष्मदर्शकाला भिंग नसतं. बिनिग आणि रोरर या शास्त्रज्ञांनी तो १९८१ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत घडवला. टोकदार तार नमुन्याच्या नॅनोमीटरभर जवळ आणून थोडं व्होल्टेज दिलं की स्पर्शाविनाच प्रवाह वाहतो, हेच टनेलिंग. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं की तो जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे बारीकसा हादराही मोजणी बिघडवतो. म्हणून सुरुवात इलेक्ट्रॉनिक्सने करू नका, टांगणीपासून करा.

पुण्यातल्या बोहरी आळीतून लांब, मऊ स्प्रिंगा आणा आणि त्यांवर शहाबादी फरशीचा तुकडा टांगा. वजन किती हे गौण, स्प्रिंग किती लांबते ते मोजा. स्प्रिंग २५ सेंटीमीटर ताणली तर टांगणी सेकंदाला साधारण एकदा डोलते आणि बसगाड्यांची थरथर फरशीपर्यंत फारशी पोचत नाही. डोलणं लवकर थांबावं म्हणून फरशीखाली अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी लावा आणि तिच्याजवळ, न टेकवता, चुंबक ठेवा. एवढं करूनही ढोलपथकाचा सराव चालू असेल तर रात्री अकरानंतरच बसा.

आता स्कॅनर, म्हणजे टोक नमुन्यावरून फिरवणारा भाग. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या पिएझो बझरच्या (व्होल्टेज दिलं की वाकणाऱ्या चकतीच्या) पांढऱ्या बाजूचा चंदेरी थर ब्लेडने खरवडून चार समान भाग पाडा. समोरासमोरच्या भागांना उलटसुलट व्होल्टेज दिलं की मधोमध चिकटवलेली दांडी कलते, चौघांना सारखंच दिलं की वर-खाली सरकते. दांडी बुटकी आणि वीजरोधक हवी. तारा जोडताना सोल्डरचा डाग झटपट द्या. चकती फार तापली की तिचा गुण जातो.

टोकासाठी प्लॅटिनम-इरिडियमची तार तिरकी कापता कापता ओढायची. दहांत दोन-तीन टोकं चांगली निघतात, हा माझा अनुभव.

टोकातला प्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला १०० मेगाओहमचा रेझिस्टर लावा: एक नॅनोअँपिअरला ०.१ व्होल्ट मिळतो. रेझिस्टरला बोटं लावू नका, घामातूनही गळती होते. सगळं पत्र्याच्या डब्यात बंद करा.

नमुना म्हणून उच्च प्रतीचं स्तरित ग्रॅफाइट घ्या, चिकटपट्टीने वरचा पापुद्रा काढा आणि बारीक आट्यांच्या स्क्रूने टोक हळूहळू जवळ न्या. आधी ०.३३५ नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या शोधा, एकमेकांपासून ०.२४६ नॅनोमीटरवरचे अणूंचे ठिपके नंतर.

माझे पहिले ‘अणू’ घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर निघाली. स्कॅनचा वेग बदलला तसं ठिपक्यांमधलं अंतरही बदललं. खरे अणू वेगाला बधत नाहीत.