सोलापुरात घर बांधताना उचलीचा हिशेब कसा ठेवावा

मजुरीच्या ठेक्यावर (माल आपला, मजुरी मिस्त्रीची) घर बांधताना मिस्त्रीला उचल म्हणून आजवर किती पैसे दिले, हे बहुतेकांना सांगता येतं. किती रुपयांचं काम झालं हे विचारलं की मात्र गप्प बसावं लागतं. हिशेब तिथेच फसतो.

एक उदाहरण घ्या. १००० चौरस फुटांचं घर, मजुरी चौरस फुटाला ३०० रुपये, म्हणजे एकूण ३ लाख. (दर फक्त समजण्यासाठी घेतला आहे, तुमचा ठरलेला दर घाला.) काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीसमोर बसून टप्पे पाडा: जोतं पूर्ण १५ टक्के, कॉलम आणि स्लॅब ३५, वीटकाम १५, आतलं-बाहेरचं प्लास्टर २०, फरशी १०, शेवटची किरकोळ कामं ५. स्लॅब पडला तेव्हा काम झालं ५० टक्के, म्हणजे दीड लाखाचं. तोवर आठवड्याला १२ हजारांप्रमाणे १४ उचली गेल्या असतील, तर दिले १ लाख ६८ हजार. १८ हजार जास्त गेले. आता दीड लाखाचं काम बाकी आणि द्यायचे उरले १ लाख ३२ हजार. प्लास्टरच्या वेळी माणसं कमी येऊ लागतात, मिस्त्री दुसरी साइट धरतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

म्हणून वहीत आठ रकाने आखा: तारीख, कुणाला, कशासाठी, रक्कम, रोख की फोनवरून, आजवरची एकूण उचल, झालेल्या कामाची किंमत, फरक. शेवटचा रकाना दर आठवड्याला भरा. उचल कामाच्या पुढे गेली असेल तर त्या आठवड्यात फक्त माणसांच्या हजेरीपुरते पैसे द्या. फोनवरून पैसे पाठवताना ‘स्लॅब उचल ६’ असं लिहा, नुसतं ‘पेमेंट’ नको. रोख दिली तर त्याच ओळीत सही किंवा अंगठा घ्या. सोलापुरात कामावर कन्नड आणि तेलुगू बोलणारेही बरेच असतात. सहीआधी आकडा त्यांना समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवा.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी आणि दिवाळीआधी मोठी उचल मागितली जाते. मागणी रास्त असते, सण सगळ्यांनाच असतो. ती कोणत्या टप्प्यातून वळती होणार, एवढं मात्र त्याच दिवशी लिहून घ्या.

जादा कामाचा वाद सोलापुरात पायापासूनच सुरू होतो. एका प्लॉटवर दोन फुटांवर मुरूम लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी काळी माती बरीच खोल जाते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे साधा पाया तिच्यावर ठेवता येत नाही. ठरलेल्या खोलीपुढच्या खोदाईचा दर आधीच लिहा. छज्जा, कठडा, पाण्याची टाकी, कंपाउंड हे चौरस फुटात धरलं आहे की वेगळं, तेही.

मालाचं खातं मजुरीत मिसळू नका. प्रत्येक दुकानदाराला एक पान द्या. गाडी आली की चलन (मालासोबत येणारी पावती) घ्या, माल मोजा, आणि महिनाअखेरीस बिल चलनांशी ताडून मगच पैसे द्या. चलन नसलेली ओळ बिलात दिसली तर तिथेच थांबा.

वाळू किंवा क्रशसँड (दगड फोडून केलेली वाळू) गाडीतच मोजा, खाली टाकल्यावर मोजता येत नाही. माल सपाट करून घ्या, कारण मध्ये ढीग आणि कोपरे रिकामे असले की गाडी भरलेली वाटते. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकाराला १०० ने भागा, कारण १०० घनफूट म्हणजे एक ब्रास: १० × ६ × २.५ म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. ओलसर वाळू फुगलेली असते, तीच सुकल्यावर चांगलीच कमी भरते. नुकती भिजवलेली गाडी आली तर दर ठरवतानाच ते बोला.

सळईची वजनकाट्याची पावती घ्या आणि नगही मोजा. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ ने भागलं की मीटरला किती किलो ते कळतं. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६६ किलो भरते, १०० नग म्हणजे १०६६ किलो. १२ मिमीला पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यापुढे विचारा. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या रोज संध्याकाळी मोजून ठेवा.

क्युरिंगच्या (काँक्रीट-प्लास्टरवर पाणी मारण्याच्या) टँकरसाठी वेगळं पान हवंच. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये हा खर्च अंदाजाबाहेर जातो.

गृहकर्ज असेल तर बँक हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावर सोडते, तेही पाहणी करून. त्यामुळे एका टप्प्याचे पैसे हाताशी ठेवा आणि मिस्त्रीचे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच द्या.

शेवटचे ५ टक्के किल्ली घेताना देऊ नका. गच्चीवर ४८ तास पाणी साठवा, बाथरूमचे उतार बादलीने तपासा, गळती निघाली तर दुरुस्त करून घ्या. मग वहीत ‘पूर्ण रक्कम पोचली, कोणतंही येणं-देणं बाकी नाही’ असं लिहून दोघांच्या सह्या करा.