दहावीचे बीजगणित आणि फोनवरील जिओजेब्रा

दोन चलांतील रेषीय समीकरणे विद्यार्थी चिन्हे बदलून, वजाबाकी करून बिनचूक सोडवतात. परंतु हाती आलेली उकल म्हणजे दोन रेषांचा छेदनबिंदू आहे, हे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. ही उणीव भरून काढण्यास जिओजेब्रा हे मोफत अ‍ॅप फार उपयोगी पडते. ते एकदा फोनमध्ये घेतले की आलेख काढण्यासाठी इंटरनेट लागत नाही. प्रत्येकाकडे फोन असण्याचीही गरज नाही. चार विद्यार्थ्यांत एक पुरतो, किंबहुना त्यामुळे चर्चा चांगली होते.

सुरुवात मात्र वहीतच करावी. एक्स + वाय = ५ आणि एक्स − वाय = १ या समीकरणांसाठी एक्स व वायच्या किमतींच्या काही जोड्या काढून आलेख कागदावर काढून घ्यावेत आणि मगच ती समीकरणे अ‍ॅपमध्ये लिहावीत. रेषा जेथे छेदतात त्या बिंदूला स्पर्श केला की (३, २) हे निर्देशक दिसतात. आता दुसऱ्या समीकरणाच्या जागी एक्स + वाय = ८ घ्यायचे आहे; तत्पूर्वी चित्र कसे दिसेल, याचा अंदाज प्रत्येकाने लिहून ठेवावा. रेषा समांतर आल्या की ‘उकल नाही’ याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही. त्यानंतर त्याच जागी २एक्स + २वाय = १० लिहावे. पडद्यावर एकच रेषा दिसते आणि अ‍ॅप बिघडले असे मुलांना वाटते. येथे शिक्षकांनी लगेच उत्तर देऊ नये, कारण दुसरी रेषा पहिलीवरच बसली आहे हे मुलांनी स्वतः ओळखले, तर अनंत उकली ही कल्पना पक्की होते.

वर्गसमीकरणांसाठी वाय = एक्सचा वर्ग − ४एक्स + सी असे लिहिल्यास ‘सी’साठी सरकपट्टी मिळते. ती हळूहळू सरकवावी: ‘सी’ ४ पेक्षा लहान असताना वक्र एक्स-अक्षाला दोन बिंदूंत छेदतो, ४ असताना केवळ स्पर्श करतो आणि त्यापुढे अक्षापासून वर उचलला जातो. प्रत्येक वेळी, वास्तव मुळे किती हे ठरवणाऱ्या विवेचकाची किंमत वहीत काढायला लावावी.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वाय = एक्सचा वर्ग − २ या आलेखावर अ‍ॅप धन मूळ १.४१ असे दाखवते. ती आसन्न किंमत आहे; उत्तरपत्रिकेत √२ हेच लिहायचे, हे त्याच तासाला सांगावे.