शेजारच्या वर्गावरून पुढचा वर्ग काढावा
वर्ग पाठ करताना २० किंवा ३० च्या पुढे अनेकांची गाडी अडते, पण तिथे पाठांतराची गरजच नसते. माहीत असलेल्या वर्गात ती मूळ संख्या आणि तिच्या पुढची संख्या मिळवली की पुढचा वर्ग मिळतो: ३० चा वर्ग ९००, म्हणून ३१ चा वर्ग ९०० + ३० + ३१, म्हणजे ९६१. मागे यायचे असल्यास ९०० मधून ३० आणि २९ वजा करावेत. उत्तर ८४१ येते.

असे का होते, ते कागदावर एकदा काढून पाहावेच. ४ ओळी आणि ४ स्तंभांत १६ ठिपके मांडावेत. त्यांचा ५ बाजूचा चौरस करायला उजवीकडे ४ ठिपक्यांचा एक स्तंभ आणि खाली ५ ठिपक्यांची एक ओळ लागते, म्हणजे ९ ठिपके वाढून २५ होतात. लागोपाठच्या वर्गांमधला फरक ३, ५, ७, ९ असा नेहमी विषमच का येतो, हेही याच आकृतीत दिसते.

पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही, त्यामुळे उत्तरात असा अंक दिसला तर बेरीज पुन्हा तपासावी. मात्र २६ च्या शेवटी ६ असूनही ती वर्गसंख्या नाही, हे ध्यानात ठेवावे.