कन्हान-वैनगंगेतली मासळी मोजायची कशी

एवढ्या मोठ्या नदीतला मासा न् मासा मोजता येत नाही, तशी गरजही नाही. जाळं तेच, जागा तीच आणि वेळही तेवढीच ठेवली, की मासळी वाढतेय का घटतेय ते कळतं.

नागपूरकरांना तीन ठिकाणं सोयीची आहेत: नाग नदी मिळते त्याच्या वरच्या अंगाला कन्हानवर एक, त्या संगमाच्या खाली दुसरं, आणि कन्हान वैनगंगेला मिळते त्या आंभोऱ्याला, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात तिसरं. शहराचं सांडपाणी नागेतून कन्हानात उतरतं, त्यामुळे वरचं ठिकाण सोडू नका. खालचा आकडा ताडून पाहायला तेच लागतं. मत्स्यव्यवसाय विभागाची लेखी परवानगी घ्या आणि तिथल्या मच्छीमार संस्थेशी आधी बोला. डोंग्यावर त्याच गावचा ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा, हवा. पाण्याखाली खडक कुठे आणि बुडालेली खुंटं कुठे, हे त्याला ठाऊक असतं.

गिलनेट म्हणजे पाण्यात उभं राहणारं, मासा ज्यात गुंततो असं जाळं. एकाच आसाचं, म्हणजे एकाच मापाच्या भोकांचं गिलनेट टाकलं तर एकाच मापाचे मासे अडकतात आणि नदीत तेवढेच आहेत असं वाटतं. म्हणून ताणून मोजलेले 20, 30, 40, 60, 80 आणि 100 मिमी असे सहा आस घ्या. प्रत्येक जाळं 30 मीटर लांब, 2 मीटर उंच. संध्याकाळी सहाला टाकून सकाळी सहाला काढा, पण दर दोन तासांनी तपासा; अडकलेलं कासव श्वास कोंडून मरतं. चांदण्यात माशांना जाळं दिसतं, तेव्हा प्रत्येक फेरी अमावस्येच्या आसपासच ठेवा.

हिशेब असा: सहा जाळी म्हणजे 360 चौरस मीटर. 12 तासांत 54 मासे मिळाले, तर 54 ला 3.6 × 12 ने भागायचं. उत्तर 1.25, म्हणजे 100 चौरस मीटर जाळ्याला तासाला सव्वा मासा. जाळं रिकामं आलं तरी वहीत शून्य लिहा. अशा रात्री गाळल्या की सरासरी फुगते आणि नदी आहे त्यापेक्षा बरी दिसते.

मासा ओल्या हातानेच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, आणि पट्टीशेजारी डाव्या बाजूचा फोटो. स्थानिक नाव ढिवर सांगेल तसंच लिहा. रोहू, कटला, मृगळ वेगळ्या रकान्यात घ्या: जलाशयात त्यांची बोटुकली सोडली जातात, त्यामुळे त्यांचा आकडा नदीच्या तब्येतीबद्दल फारसं सांगत नाही. मरळ, वाम, शिंगाळा जास्त सांगतात. पाण्यातला ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. दुपारी शेवाळामुळे तो चढलेला असतो आणि रात्रीची घुसमट लपून जाते.

एकूण संख्येचा अंदाज फक्त एप्रिल-मेमध्ये, नदी तुटून डोह उरतात तेव्हाच काढा. वाहत्या पात्रात मासे येत-जात राहतात आणि गणित कोसळतं. गिलनेटमधले बरेच मासे मरतात, म्हणून इथे फेकजाळं वापरा. पोटाजवळच्या एका पराचं टोक कापून 120 मासे सोडले, आठवड्याने 90 पकडले, त्यात 10 खुणेचे निघाले, तर प्रत्येक आकड्यात एक मिळवून (121 × 91) ÷ 11, वजा 1: डोहात सुमारे 1000 मासे. खुणेचे सातपेक्षा कमी निघाले तर तो आकडा धरू नका, लगेच आणखी एक फेरी घ्या.