पार्किन्सन्स असेल तर पोटाकडे कसं बघायचं

गट हेल्थच्या, म्हणजे पोटा-आतड्याच्या आरोग्याच्या नावाखाली सध्या काहीपण विकलं जातं, त्यामुळे पहिलं हे, की पोट सुधारलं म्हणून पार्किन्सन्ससारखा मेंदूचा आजार बरा झाला असं अजून कुठे सिद्ध झालेलं नाही. पण संबंध नाहीच असंही नाही हां. लिव्हर निकामी झालेला पेशंट बघा, आतड्यातल्या बॅक्टेरियांनी बनवलेला अमोनिया लिव्हर गाळू शकत नाही, तो मेंदूपर्यंत जातो आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो, दिवसा झोपतो रात्री जागतो, आणि त्यावर देतात काय तर लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ करायचंच औषध!

पार्किन्सन्समध्ये गोष्ट इतकी सरळ नाही. हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू झालेलं असतं असं बऱ्याच पेशंटमध्ये दिसतं, आणि आजार काही जणांत आतड्यातून व्हेगस नर्व्हमार्गे, म्हणजे पोट आणि मेंदू जोडणाऱ्या नसेतून, वर चढत असावा अशी थिअरी जर्मनीचे संशोधक ब्राक यांनी 2003 मध्ये मांडली, वाद अजून चालू आहे. नुसतं बद्धकोष्ठ असेल तर घाबरू नका, ते कोणालाही होतं. पण सोबत वास येईनासा झालाय आणि झोपेत लाथा मारणं, ओरडणं चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच.

आता रोजचं. शौच कधी झाली, कशी झाली हे वहीत लिहा, सुट्या कडक गोळ्यांसारखी होत असेल तर ते बद्धकोष्ठच, मग रोज होत असली तरी. फायबर हळूहळू वाढवा, भाज्या, फळं, कडधान्यं, एकदम वाढवलं तर गॅसने जीव नकोसा होतो, आणि इसबगोल घेताय तर पाणी भरपूर प्या, नाहीतर उलटंच होतं. गिळायला त्रास असेल तर इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची वेळ. ही गोळी लहान आतड्यातून शोषली जाते आणि तिथे जेवणातल्या प्रोटीनशी तिची स्पर्धा लागते, म्हणून साधारण जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने घ्यायला सांगतात. आयर्नची गोळी तिच्यासोबत घेऊ नका. पोट तुंबलेलं असेल तरी गोळी नीट लागू पडत नाही, आणि आतड्यातले काही बॅक्टेरियाच ती फोडून टाकतात हेही 2019 च्या संशोधनात दिसलंय. तरी मनाने अँटिबायोटिक सुरू करायचं नाही!

प्रोबायोटिकने, म्हणजे पोटाला चांगल्या बॅक्टेरियांच्या औषधाने, बद्धकोष्ठाला थोडा आराम मिळाल्याचं काही ट्रायल्समध्ये दिसलंय, बस तेवढंच. शौचाची महागडी मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे आतड्यात कुठले बॅक्टेरिया आहेत ते बघणारी, मी तरी करणार नाही, कारण रिपोर्ट बघून डॉक्टर औषध बदलतील अशी परिस्थितीच अजून नाही.

शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, किंवा पोट फुगून उलट्या आणि गॅसही सरेना असं झालं तर घरगुती उपाय बंद, थेट डॉक्टर.