काडतुसे पाठवताना आणि नेताना या चुका टाळा

ठाणे शहरात नौपाड्यातील एक जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बारा बोअरची, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीची, वीस-बावीस काडतुसे निघाली. वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक साताऱ्याकडच्या चुलतभावाच्या परवान्यावर रीतसर नोंदवली गेली होती. काडतुसांची आठवण मात्र कोणालाच राहिली नव्हती. घरमालक माझ्या परिचयाचे. मी परवानाधारक असल्याचे ठाऊक असल्याने त्यांनी मला एवढेच विचारले, की ही काडतुसे भावाकडे पाठवायला कोणते कुरिअर बरे पडेल. कुरिअर कोणते, हा प्रश्न पडणे हीच या विषयातील पहिली चूक आहे आणि ती सुशिक्षित, कायदा मानणाऱ्या माणसांकडूनच अधिक होते, कारण अशा माणसांना काडतूस हे बंदुकीचे एक किरकोळ सामान वाटते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये असा भेद नाही. कलम ३ नुसार अग्निशस्त्राला जसा परवाना लागतो तसाच दारूगोळ्यालाही लागतो, आणि विनापरवाना काडतूस बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. काडतूस परवान्यामागे चालते आणि परवाना माणसामागे. म्हणून खासगी व्यक्तीने काडतूस ‘पाठवायचे’ नसते, ज्याच्या नावावर ते आहे त्याने ते स्वतः न्यायचे असते.

कुरिअर, टपाल आणि ‘मशीनचे सुटे भाग’

टपालाने स्फोटक व धोकादायक वस्तू पाठवण्यास मनाई आहे, आणि खासगी कुरिअर कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत शस्त्रे व दारूगोळा हमखास असतोच. हे ठाऊक असूनही काही जण पावतीवर ‘मशीनचे सुटे भाग’ किंवा ‘पितळी वस्तू’ असे लिहून मोकळे होतात. पार्सल क्ष-किरण यंत्राखाली गेले की काडतुसांची रांग कोणत्याही प्रशिक्षित डोळ्याला ओळखू येते, आणि मग मूळ गुन्ह्यात खोट्या घोषणेची भर पडते. शिवाय कलम २९ कडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. समोरची व्यक्ती दारूगोळा बाळगण्यास पात्र आहे की नाही याची आधी खात्री न करता तो तिच्या ताब्यात देणे, हाच त्या कलमानुसार गुन्हा आहे. पार्सल न्यायला आलेल्या मुलाकडे परवाना नसतो, हे वेगळे सांगायला नको. रेल्वे पार्सलचा मार्गही मोकळा नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम ६७ धोकादायक मालाची लेखी सूचना मागते आणि ती न देता असा माल गाडीत चढवणाऱ्यावर कलम १६४ नुसार कारवाई होते. ओळखीच्या खासगी बसचालकाच्या हाती पिशवी देण्याविषयी तर मी काही लिहीतच नाही. त्यात आपल्याबरोबर एका गरीब माणसालाही आपण अडकवतो.

वारसाहक्काने सापडलेली काडतुसे

नौपाड्यातील गृहस्थांकडे परवाना नव्हता, त्यामुळे स्वतः गाडी काढून साताऱ्याला जाणेही त्यांना शक्य नव्हते. बाळगणे बेकायदेशीर ठरते तेव्हा अनावश्यक विलंब न करता ती वस्तू जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, असे कलम २१ सांगते. व्यवहारात याचा क्रम महत्त्वाचा आहे. काडतुसांची पिशवी घेऊन थेट पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहण्यापेक्षा आधी दूरध्वनी करून किंवा रिकाम्या हाताने जाऊन माहिती द्यावी, वडिलांच्या जुन्या परवान्याची प्रत व मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्ज करावा, नग मोजून प्रकार लिहावा, आणि जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. पोच नसेल तर पुढे दहा वर्षांनी त्या वीस काडतुसांचे काय झाले, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

‘कशाला भानगड, कळव्याच्या पुलावरून खाडीत सोडून देऊ’ हा विचार ठाणे शहरात पुष्कळांच्या मनात येतो. खाडीने आजवर निर्माल्य आणि प्लास्टिक पुरेसे पोटात घेतले आहे. भरती-ओहोटीच्या गाळात टाकलेली वस्तू तेथेच राहते असे नाही, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलेले काडतूस कचरा वेचणाऱ्या मुलाच्या हातात किंवा जाळलेल्या ढिगात पोचू शकते.

दोघांकडेही परवाना असेल तर?

येथेही घाई नडते. मित्राकडे त्याच बोअरचा परवाना आहे म्हणून उरलेली काडतुसे त्याला देऊन टाकता येत नाहीत. वैयक्तिक वापरासाठीचे अग्निशस्त्र किंवा दारूगोळा दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकण्यापूर्वी वा हस्तांतरित करण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला त्या व्यक्तीचे नाव-पत्ता लिहून कळवावे लागते, आणि तेथून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. एवढे करण्यापेक्षा घेणाऱ्याने आपल्या गावच्या विक्रेत्याकडून आपल्या परवान्यावर नवी काडतुसे घेणे सोपे, स्वस्त आणि सुरक्षित पडते. वारशातल्या जुन्या काडतुसांच्या बाबतीत तर मी तोच सल्ला देतो. कागदी कवचाची बारा बोअरची काडतुसे कोकणपट्टीच्या दोन-चार पावसाळ्यांत फुगतात आणि नळीत अडकतात. ती वापरण्याजोगी राहिलीच असतील, याची हमी कोणी द्यावी?

स्वतः नेताना

परवाना घरी आणि काडतुसे गाडीत, ही सर्वांत सामान्य चूक. भ्रमणध्वनीतील छायाचित्र पुरेसे नाही. मूळ परवाना सोबत हवा. दुसरी चूक परवान्याचे क्षेत्र न वाचण्याची. परवाना ‘महाराष्ट्र’ एवढ्यापुरता असेल तर पनवेलहून निघालेली गाडी बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात शिरताच परवान्याच्या अटींचा भंग होतो. तिसरी चूक आपल्या भागातील आदेश न पाहण्याची. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, तर वाशी-बेलापूरपासून पनवेल-उरणपर्यंतचा भाग नवी मुंबई आयुक्तालयाच्या. आणि दोन्हीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील, शस्त्रे घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याची नोटीस येऊ शकते, ती वेगळीच. ऐरोलीचा पूल ओलांडला की आयुक्तालय बदलते, हे रोज जा-ये करणाऱ्यालाही चटकन सुचत नाही. ठाण्याहून खारघरला कायमचे घर बदलले तर परवाना शाखेला पत्ता कळवायचा राहतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी तो घोळ निस्तरावा लागतो.

वाटेतली काळजी तशी साधी आहे. शस्त्र रिकामे असावे, काडतुसे त्याच्यापासून वेगळी, मूळ खोक्यात आणि कुलूपबंद असावीत. नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात सुटी ठेवू नयेत. मे महिन्यात पाम बीच रस्त्यालगत उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती तासन्‌तास सोडू नयेत. गंजू नये म्हणून काडतुसाला तेल लावण्याची सवय काहींना असते, ती मात्र सोडावी. पातळ तेल बुडाच्या टोपीत झिरपले की काडतूस पेटत नाही.

विमानतळावर

आता मुंबईबरोबर नवी मुंबईचाही विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला असल्याने हा प्रश्न आपल्याकडे वाढणारच आहे. केबिनमधल्या बॅगेत एकही काडतूस चालत नाही. नोंदणीच्या (चेक-इन) सामानातून न्यायचे असेल तर बॅग तपासणीला जाण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवर मूळ परवाना दाखवून लेखी घोषणा करावी लागते, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा बराच वेळ हाताशी ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत प्रवाशामागे पॅकिंगसह ५ किलो ही मर्यादा आहे, तीही १.४ एस या, म्हणजे कमी धोक्याच्या स्फोटकांच्या, वर्गातील काडतुसांसाठी आणि स्वतःच्या वापरापुरती. दोन प्रवाशांचा वाटा एका पेटीत भरता येत नाही. देशांतर्गत प्रवासात विमान कंपन्या साधारणतः ५० काडतुसांपर्यंतच परवानगी देतात. नेमबाजांची अडचण येथे होते, कारण पॉइंट टू टू रायफलच्या प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) सामन्यात ६० गोळ्या गुणांसाठीच लागतात आणि सरावाच्या गोळ्या त्याहून वेगळ्या. म्हणून दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर स्पर्धेला निघालेल्याने विमान कंपनीशी आधीच लेखी बोलून घ्यावे, आणि परतताना उरलेली काडतुसे हॉटेलातून कुरिअर करण्याचा मोह टाळावा. पुण्याला बालेवाडीला जायचे असेल तर रस्त्याने जाणे केव्हाही बरे.

तरीही विमानतळावरची बहुतेक प्रकरणे नेमबाजांची नसतातच. गावी वडिलांबरोबर शेतावर गेलेल्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात एक काडतूस राहून जाते आणि सहा महिन्यांनी तीच पिशवी घेऊन तो बंगळूरला निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात ताब्यामागे जाणीव असावी लागते असे स्पष्ट केले, आणि त्या आधारे एकट्या विसरलेल्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केल्याची उदाहरणे आहेत. पण रद्द होण्याआधी विमान सुटते, गुन्हा नोंदला जातो, वकील करावा लागतो, पारपत्राची पडताळणी अडते. रेंजसाठी किंवा शेतासाठी वापरलेली पिशवी त्याच कामासाठी वेगळी ठेवावी आणि इतर कोणत्याही प्रवासाला नेऊ नये. आणि ती न्यावीच लागली तर निघण्याच्या आदल्या रात्री उलटी करून चादरीवर झटकावी, अगदी फाटलेल्या अस्तरात बोटे घालून.