मोजणीला निघण्याआधी

समुद्राची खोली मोजणाऱ्या सर्वेक्षण जहाजावर पहिल्यांदा रुजू होणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो: कपडे किती घेऊ आणि नेट मिळेल का. कपडे कमी घ्या, नेटची आशा त्याहून कमी ठेवा. उलटीची गोळी मात्र जहाज सुटायच्या तासभर आधीच घ्या. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. तुमच्या सामानाची यादी इथे संपली. पुढची यादी जहाजाची आहे. ती लांबलचक आहे, कारण या कामातल्या बहुतेक चुका धक्क्याला बांधलेल्या जहाजावरच होतात आणि कळतात महिन्याभराने, कळल्या तर.

सुरुवात कागदांपासून करा. ज्या भागात जायचं तिथला चालू नकाशा, त्यामागची जुनी सर्वेक्षणं आणि त्यांची सालं काढून बसा. नकाशाचा प्रत्येक तुकडा एका वयाचा नसतो. एकाच पानावर काही आकडे मल्टिबीमचे (आवाजाचे अनेक किरण पंख्यासारखे सोडून तळाचा अख्खा पट्टा मोजणारं यंत्र), काही साध्या इकोसाउंडरचे (एकच किरण सरळ खाली सोडून प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली काढणारं यंत्र) आणि काही थेट दोरीला बांधलेल्या शिशाच्या ओळंब्याचे असतात. ओळंबेवाले वावांत मोजत, एक वाव म्हणजे १.८३ मीटर, आणि ओळंब्याच्या बुडाला चरबी फासून तळाला वाळू आहे की चिखल तेही वर आणत. त्यांच्या हातात खोट नव्हती. पण ओळंबा जिथे टेकला तिथलीच खोली कळायची, दोन टेकण्यांमधला सुळका तसाच राहायचा. ७ ऑगस्ट १९९२ ला ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कटिहंक बेटाजवळ खडकांवर घासलं. तिथल्या उथळ जागेवर नकाशात ३९ फूट छापलेले होते आणि मोजणी होती १९३९ ची. म्हणून जुन्या कामातले विरळ आकडे, ‘जागा अनिश्चित’ किंवा ‘अस्तित्व शंकास्पद’ असे शेरे, बुडालेल्या जहाजांच्या नोंदी, सगळं वेगळ्या वहीत उतरवून घ्या. मच्छीमारांची जाळी कुठे अडकतात तेही किनाऱ्यावर जाऊन विचारा. ज्याचं जाळं फाटलंय तो माणूस जागा सहसा विसरत नाही.

मग किती बारकाईने मोजायचं ते ठरवा. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेचं एस-४४ हे मानक त्यासाठी आहे. जहाजाच्या पोटाखाली जिथे थोडंच पाणी उरतं अशा वाटांना त्यातली ‘स्पेशल ऑर्डर’ ही श्रेणी लागते: १० मीटर पाण्यात खोलीतली चूक, ९५ टक्के खात्रीने, साधारण २६ सेंटिमीटरच्या आत हवी आणि एक मीटरच्या घनापेक्षा मोठी कुठलीच वस्तू नजरेतून सुटता कामा नये. थोड्या सैल ‘१ए’ मध्ये ४० मीटर खोलीपर्यंत हा घन दोन मीटरचा होतो. हे ठरल्याशिवाय लाइनी, म्हणजे जहाजाने मोजत जायच्या समांतर रेषा, आखायला बसू नका. आमच्याकडे दिवसभर ‘लाइन मारणं’च चालतं, नवीन मुलं पहिल्या आठवड्यात यावर हसतात, नंतर हसत नाहीत. नांगरणीसारखं काम आहे. एक तास, म्हणजे नांगराची ओळ, संपला की वळायचं आणि शेजारचा तास धरायचा. मल्टिबीमचे किरण दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत धरले तर पट्टा खोलीच्या जवळजवळ साडेतीनपट रुंद मिळतो, पण कडेचे किरण कच्चे असतात, म्हणून शेजारचे पट्टे एकमेकांवर चढवावे लागतात. हिशेब नेहमी उथळ टोकाचा धरा आणि लाइनी समखोल रेषांना समांतर टाका, म्हणजे पट्ट्याची रुंदी वाटेत फारशी बदलणार नाही. सगळ्यांना आडव्या छेदणाऱ्या काही लाइनीही आत्ताच आखा. शेवटी वेळ उरला तर मारू म्हटलं की त्या राहतात, आणि स्वतःचं काम तपासायचं एकमेव हत्यार जातं.

आता जहाजच मोजायचं. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग), मोशन सेन्सर (जहाजाचं डुलणं मोजणारा) आणि जीपीएसचे अँटेना यांची एकमेकांपासूनची अंतरं जहाज सुक्या गोदीत असताना मोजलेली असतात. तो कागद शोधा आणि त्यानंतर कुणी काही हलवलं का ते विचारा. रंगकामाच्या वेळी अँटेना काढतात आणि ‘होता तिथेच लावला’ म्हणून सांगतात. विश्वास ठेवू नका, टेप घेऊन वर चढा. आकडे संगणकात भरताना एका सॉफ्टवेअरमध्ये खालची दिशा धन असते, दुसऱ्यात वरची. ती खात्री दोघांनी मिळून करा. गोदीतून निघण्याआधी तळाच्या ट्रान्सड्यूसरवर बसलेला शंख-शिंपल्यांचा थर साफ झाला की नाही तेही स्वतः पाहा. ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते, रोज सकाळी वाचायचा, कारण इंधन आणि गोडं पाणी संपत जातं तसं जहाज वर येतं. वेगात असताना, विशेषतः उथळ पाण्यात, ते उलट खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. वर सांगितलेल्या अपघातात हे बसणंही अंदाजापेक्षा जास्त निघालं होतं. वेगवेगळ्या वेगांना आपलं जहाज किती बसतं याचा तक्ता हाताशी ठेवा, आणि लाँचचा, म्हणजे जहाजावरून सोडायच्या छोट्या मोजणी बोटीचा, वेगळा.

घड्याळं सगळी यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवर. हा मुद्दा पोरकट वाटतो. पण जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते, आणि एखाद्या यंत्राने तीच जशीच्या तशी लिहिली तर सहा नॉट वेगाला तुमचा खडक नकाशावर ५५ मीटर सरकतो. आमच्या एका फेरीत लाँचवरचा संगणक स्थानिक वेळेवर राहिला होता. अख्खी दुपार भरती चढत असताना आम्ही त्या आकड्यांतून भलत्याच तासाची भरती वजा करत होतो. दोन दिवसांचं काम परत केलं आणि दोष अर्थातच यंत्राला दिला.

भरतीबद्दल जरा जास्त लिहितो. सकाळी मोजलेले १२ मीटर आणि दुपारी मोजलेले १४ मीटर एकाच खडकावरचे असू शकतात. नकाशावर जातो तो आकडा ठरावीक शून्यपातळीपासूनचा, आणि ही पातळी बहुधा खगोलीय हिशेबाने येऊ शकणाऱ्या सर्वांत खालच्या ओहोटीची असते. म्हणून टाइड गेज (पाण्याची पातळी नोंदत राहणारं यंत्र) लावणारी तुकडी जहाजाच्या आधी पोचायला हवी. उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (सर्वांत लहान) दोन्ही नीट पकडायचे तर किमान ३० दिवसांच्या नोंदी हव्यात. जागा निवडताना ओहोटीला जा: वाळूच्या दांड्यामागे लावलेलं गेज भरतीला छान चालतं, आणि पाणी उतरलं की डबक्याचीच पातळी सांगत बसतं. गेजशेजारी खुणांची पट्टी उभी करा आणि माणूस बसवून सलग २५ तास डोळ्यांनी वाचून घ्या, यंत्राशी ताडून बघा. लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) लावून ही पट्टी किनाऱ्यावरच्या किमान तीन बेंचमार्कना, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणांना, जोडायची. दोनच असले आणि त्यांचं आपसात जुळलं नाही, तर खचलेला कुठला ते कळत नाही. हंगाम संपल्यावर गेज काढण्याआधी हीच लेव्हल पुन्हा लावायची असते, म्हणून ती तुकडी, ती यंत्रं आणि एक सबंध दिवस वेळापत्रकात आत्ताच लिहून टाका.

दुसरी डोकेदुखी आवाजाच्या वेगाची. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. हा ‘साधारण’च घात करतो. पाणी एका अंशाने तापलं की वेग तीनेक मीटरने वाढतो, खारटपणाने आणि दाबानेही बदलतो, आणि तिरके किरण प्रत्येक थरातून जाताना वाकतात. नदीच्या मुखाशी वर गोडं पाणी आणि खाली खारं, तिथे सकाळी घेतलेलं मोजमाप ओहोटी लागेपर्यंत शिळं झालेलं असतं. पडद्यावर सपाट तळ द्रोणासारखा दोन्ही कडांनी वर उचललेला किंवा खाली झुकलेला दिसला की तळाला दोष न देता प्रोब, म्हणजे प्रत्येक खोलीवर आवाजाचा वेग मोजणारं उपकरण, पाण्यात सोडा. ट्रान्सड्यूसरपाशी मोजलेला वेग शेवटच्या प्रोबच्या वरच्या थरापेक्षा सेकंदाला दोन मीटरने हलला की नवा प्रोब, असा नियम आम्ही पाळतो. त्यासाठी विंच, दोर आणि दुसरा प्रोब तयार हवा, कारण पहिला कधीतरी तळाला जाऊन राहतोच. दर वेळी जहाज थांबवावं लागेल हे कॅप्टनसाहेबांना बंदरातच सांगून ठेवा.

मोजणीच्या भागात पोचल्यावर पहिला दिवस पॅच टेस्टचा. आधी वेळेतला उशीर, मग पिच (पुढे-मागे झुकणं), मग रोल (डावी-उजवीकडे कलणं) आणि शेवटी दिशा, असं एकेक करून सेन्सरचा वाकडेपणा काढायचा. उशीर एकाच लाइनीवर एकाच दिशेने दोन वेगांनी जाऊन सापडतो, पिच उतारावर उलटसुलट जाऊन, रोल सपाट तळावर उलटसुलट जाऊन आणि दिशा एखाद्या उंचवट्याच्या दोन बाजूंच्या समांतर लाइनींवरून. रोलमधला एकच अंश राहून गेला तर ५० मीटर पाण्यात ६० अंशांच्या किरणाला दीड मीटरचा फरक पडतो. त्यामुळे सपाट तळ आणि उतार जवळजवळ असलेली जागा जुन्या नकाशावर आधीच हेरून ठेवा.

माणसांचं थोडक्यात. जहाज चोवीस तास चालतं, चार तास पाळी आणि आठ तास सुट्टी; त्या आठांतले दोन डेटा साफ करण्यात जातात हे मान्य करूनच या. लाँच दिवसाउजेडीच निघते. ती खाली सोडताना आणि वर घेताना दोर हाताळणाऱ्या खलाशांच्या मुकादमाचा शब्द शेवटचा, तुमची लाइन कितीही अर्धवट राहिलेली असो. डेटाच्या दोन प्रती रोज, दोन वेगळ्या खोल्यांत, आणि मूळ फाइल कधीही न उघडता.

शेवटचा कागद धोक्याच्या सूचनेचा. नकाशात नसलेला खडक सापडला तर तो हंगामाच्या अहवालापर्यंत थांबत नाही, त्याच दिवशी कळवायचा असतो, कारण त्या पाण्यातून जहाजं आजही जाताहेत. संदेशाचा नमुना आधीच टाइप करून ठेवा: जागा, कमीत कमी खोली, भरतीचा हिशेब धरला की नाही, यूटीसी वेळ. खडक नेमका रात्री दोनला सापडतो. तेव्हा फक्त रिकाम्या जागा भरा आणि पाठवण्याआधी अक्षांश-रेखांश पाळीवरच्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.